नाव तिची माय ठेवीन

अमरावतीच्या ज्या मोहल्ल्यात माझी आई वाढली, तिथे तिला ललिता या नावाने फारसं कोणी हाक मारत नसे. सगळे तिला रेडू म्हणायचे. मोहल्ल्यात एकच रेडिओ होता, चौकातल्या हॉटेलात, आणि तो दुपारी तरी बंद असायचा. आई उठल्यापासून सुरू. नळावर पाणी भरताना, शेजारणीचे तांदूळ निवडताना, वडिलांना डबा भरून देताना तिचं बोलणं चालूच. तिचे वडील जानराव कचेरीत चपराशी होते. दिवसभर साहेबाच्या दारापाशी गप्प उभं राहून आलेल्या त्या माणसाला घरातली ही बडबड फार आवडायची. तिची माय ती लहान असतानाच वारली होती. चूल तिनेच सांभाळली आणि चुलीपुढे बसूनच सातवी पास केली. छप्पन्न साली बापलेकींनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. परत आल्यावर मोहल्ल्यात बायकांसाठी संध्याकाळचा अक्षरवर्ग निघाला, त्यात ती शिकवायला लागली. बायका म्हणत, रेडूच्या वर्गात अक्षरं कमी अन् गोष्टीच जास्त. पण वर्ग कोणी चुकवत नसे.

साठ साली उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. नवरा अकोला जिल्ह्यातल्या हिवरखेडचा. शाळेत त्याचं नाव धर्मा होतं. दीक्षेनंतर त्याने स्वतः हेडमास्तरांपुढे उभं राहून ते धर्मपाल करून घेतलं. हे माझे बाबा. जंगलखात्यात नाकेदाराची नोकरी त्यांना नुकतीच लागली होती, मेळघाटात सेमाडोहला. तिथे राहायला धड खोली नव्हती, म्हणून आई हिवरखेडलाच सासूसासऱ्यांजवळ राहिली.

सासरे पुंजाजी एका शेतकऱ्याकडे सालदार होते. सासू केशरबाई, म्हणजे माझी आजी, उंच, हाडापेराने मजबूत आणि कमालीची कमी बोलणारी. कापूस वेचायला गेली की इतर बायका गाणी म्हणत, ही फक्त वेचत जाई. तिच्या घरात आई आली. आजी पुढे मला सांगायची, "पयले चार दिवस मले वाटे, हे पोरगी थकीन. मंग मीच आयकाले शिकली." संध्याकाळी दोघी ओसरीवर बसत. आई अमरावतीच्या गोष्टी सांगे, आजी कापसातली सरकी काढत ऐके, आणि आजोबा बैल बांधून येता येता उगाच रेंगाळत, कारण त्यांनाही गोष्टीचा शेवट ऐकायचा असे.

एकसष्ट सालच्या भादव्यात मी जन्मले. आईला माहेरी बाळंतपण करणारं कोणी नव्हतं, म्हणून पहिलटकरीण असूनही ती सासरीच राहिली. जचकी फार अवघड गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुईणीने मला उचलून आईच्या कुशीत ठेवलं तेव्हा आईने माझ्याकडे पाहिलं नाही, छताकडे पाहिलं. थकली असेल, असं सगळ्यांना वाटलं. बाबा पुरातून वाट काढत आले, मला हातात धरायला घाबरले, एक दिवस राहिले आणि परत गेले. पावसात घाट बंद होण्याआधी त्यांना नाक्यावर हजर व्हायचं होतं.

पाचवी झाली, बारावा दिवस झाला, तरी आई थकलेलीच. ती बाजेवर बसून राही. डिंकाचा लाडू हातात दिला तर हातातच धरून ठेवी. झोप तिला येत नव्हती, अगदी मी झोपलेली असतानाही. मी रडले की तिच्या लुगड्याला दुधाचे डाग पडत, पण ती हात पुढे करत नसे. आजी मला तिच्या छातीशी लावी, तेव्हा ती भिंतीला टेकून डोळे मिटून घेई. आणि बोलणं थांबलं होतं. ज्या घरात वर्षभर जत्रा भरल्यासारखी होती तिथे आता फक्त माझं रडणं ऐकू येई.

बारशाचं विचारायला शेजारणी आल्या. आजी म्हणाली, "नाव तिची माय ठेवीन."

"ते तर पोरीकडे पायत बी नाई, केशरबाई."

"पाईन तवा ठेवीन."

म्हणून कितीतरी महिने मला नाव नव्हतं. घरात मला नुसतं 'बुची' म्हणत.

एक दिवस सकाळी आजी अंगणात मला तेल लावत होती. जवसाच्या तेलाची वाटी बाजूला, मी तिच्या लांब केलेल्या पायांवर. आई दारात येऊन उभी राहिली. कितीतरी दिवसांनी ती आपणहून बोलली.

"आत्याबाई, पोरीले माह्याजवळ ठेवत जाऊ नका."

आजीचा हात थांबला नाही. "काहून व?"

"मी विहिरीवर गेली का मनात येते." आई थांबली. "मनात येते का हिले आत सोडून द्याव, अन् मंग आपनबी जाव. मले असं वाटाले नाई पाह्यजे. तरी येते. मी कशी बाई आहो, आत्याबाई?"

आजी घाबरली, असं तिने पुढे मला सांगितलं. पण तोंडावर काही दिसू दिलं नाही. तिने मला फडक्यात गुंडाळलं, छातीशी घेतलं आणि आईला जवळ बसायला सांगितलं.

"मले सांगतलं हे बेस केलं," ती म्हणाली. "आजपासून पोरगी माह्याजवळ. अन् तूबी माह्याजवळ. पानी मामाजी आनतीन. तू विहिरीवर जाऊच नको."

त्या दिवसापासून पुंजाजी आजोबा पाणी भरू लागले. शेतावर जायच्या आधी दोन घागरी खांद्यावर घेऊन विहिरीवर जाणारा म्हातारा पाहून बायका तोंडाला पदर लावून हसत. आजोबा घागरी भरून घराकडे वळत. आजी कापूस वेचायला जाईनाशी झाली. ती जिथे जाई तिथे आई बरोबर. अगदी चुलीसाठी गोवऱ्या आणायला गेली तरी, एका काखेत मी आणि दुसऱ्या हातात सुनेचं मनगट.

आता गाव बोलू लागलं. आजीची मोठी जाऊ पार्बताबाई दोन घरं सोडून राहायची. दीक्षा तिनेही घेतली होती. घरातले देव नदीत सोडायला सगळे गेले तेव्हा तीही गेली, पण देवीचा एक टाक तिने ज्वारीच्या कणगीत लपवून ठेवला होता, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. ती येऊन आजीला म्हणाली, "देवी रागावली हाय, केशर. घरातून काढली ना आपन. आता ते पोरीवर बसली."

आजी इतरांपुढे ठाम होती. तिने स्वतःच्या हाताने देव सोडले होते आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. पण सून रोज वाळत चाललेली पाहून तिचा धीर खचत होता. तिने मला एकदा सांगितलं, "मले देवीचं भेव नोतं. पन हे काय हाय तेच मले समजत नोतं, अन् पार्बताबाईले समजत होतं. आपल्याले समजत नसलं का ज्याले समजते त्याचं मानूस आयकते." शेवटी ती हो म्हणाली. पार्बताबाई शेजारच्या गावातून नत्थुजी भगताला घेऊन आली.

दुपारची वेळ होती. आजोबा शेतात होते. नत्थुजीने आईला खोलीच्या मधोमध बसवलं, पुढे निखाऱ्यांचं घमेलं ठेवलं आणि त्यात सुक्या मिरच्या टाकल्या. धूर कोंडला. आई खोकू लागली. नत्थुजी लिंबाची डहाळी तिच्या खांद्यावर मारत विचारू लागला, "सांग, तू कोन हाय? कुठली हाय?" आईने उत्तर दिलं नाही तेव्हा त्याने तिचे केस धरले. तिने मान वर करून आजीकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मी काय केलं?"

आजी उठली. मला पार्बताबाईच्या मांडीवर ठेवलं, कोपऱ्यातली घागर उचलली आणि घमेल्यात पालथी केली.

"बाई, असं मधात थांबवता येत नाई," नत्थुजी म्हणाला. "उलटते."

"उलटू द्या. तुमी जा."

तो कुरकुरत निघून गेला. आजीने दार उघडलं, आईला ओसरीवर आणलं, ओल्या पदराने तिचं तोंड पुसलं. पार्बताबाई मला मांडीवर घेऊन तिथेच बसली होती. आजीला वाटलं, आता ही भांडेल. पण पार्बताबाई रडत होती.

"माही लहानी बहीन अशीच बसली होती, केशर," ती म्हणाली. "जचकीनंतर. आमी म्हटलं, होईन बरी. दोन म्हयन्यानं विहिरीत गेली ना ते. तवापासून मले कोनीबी चालते. देव म्हना, भगत म्हना. पन पोरगी वाचली पाह्यजे."

इतक्या वर्षांत या बहिणीचं नावसुद्धा आजीने ऐकलं नव्हतं. "हे मले पयलेच काहून नाई सांगतलं?"

"असं कोनी सांगते काय?"

आजी नंतर म्हणायची, त्या दिवशी तिला दोन गोष्टी कळल्या. असं आणखी कोणाला तरी झालं होतं, हे एक. आणि नुसती वाट पाहून चालत नाही, हे दुसरं. संध्याकाळी आजोबा आले तेव्हा तिने सगळं सांगितलं. आजोबांनी हातपाय धुतले, ओसरीवर आईजवळ येऊन बसले. सासरा सुनेशी समोर बसून बोलत नसे त्या काळी. ते खाली जमिनीकडे पाहत म्हणाले, "बाई, उद्या तू अन् केशर अकोल्याले जा. मोठ्या दवाखान्यात बायकायची डॉक्टरीन हाय म्हन्ते. कापूस कापसाच्या जागी राहीन."

दुसऱ्या दिवशी आजी, आई आणि मी मोटारीने अकोटावरून अकोल्याला गेलो. पार्बताबाईही आमच्याबरोबर आली. कोणी तिला बोलावलं नव्हतं. भाकरी आणि ठेचा बांधून ती सकाळीच मोटारीच्या थांब्यावर येऊन उभी होती.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, चष्मा लावणारी, बोलणं पुण्याकडचं. तिने आधी मला तपासलं. "बाळ छान आहे," ती म्हणाली. मग खुर्ची आईजवळ ओढली आणि विचारलं, "तुला झोप लागते का?"

जचकी झाल्यापासून आईला हे कोणी विचारलं नव्हतं. सगळे विचारत, पोरगी दूध पिते काय, पोरगी झोपते काय. आईने मान हलवली. डॉक्टरीण विचारत गेली. भूक लागते का, रडू येतं का, जीव नकोसा वाटतो का, बाळाबद्दल काही वाईट विचार येतात का. शेवटच्या प्रश्नाला आईने आजीकडे पाहिलं. आजी म्हणाली, "सांग. मले सांगतलं तसं सांग."

आईने सांगितलं. मग म्हणाली, "बाई, मी वाईट आहो काय?"

"वाईट असतीस तर सासूला सांगितलं नसतंस," डॉक्टरीण म्हणाली. "तू आजारी आहेस. बाळंतपणानंतर काही बायकांचं मन असं आजारी पडतं. ताप येतो तसं. तापाला जसे दिवस लागतात तसे यालाही लागतात, पण जातं हे."

"अन् देवी?" पार्बताबाईने मागून विचारलं.

डॉक्टरीण तिला हसली नाही. "मावशी, देवी असेल तर तिलाही ही बरीच व्हायला हवी असेल. रोज औषध द्या, म्हणजे झालं."

तिने झोपेचं औषध दिलं, शक्तीचं औषध दिलं. मला वरचं दूध द्यायला सांगितलं. ही एकटी राहता कामा नये, रात्री बाळ दुसऱ्या कोणी सांभाळायचं, हिला झोपू द्यायचं, आणि बाळ जबरदस्तीने हिच्या मांडीवर द्यायचं नाही. नवरा कुठे आहे असं विचारलं. आजीने सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्याला बोलवा. हे एकट्या सासूचं काम नाही."

आजीने लाकडाच्या ट्रकवाल्यांमार्फत परतवाड्याहून सेमाडोहला निरोप धाडला. दिवाळीच्या सुमारास बाबा आले. तेवीस-चोवीस वर्षांचं ते पोरगंच. बायकोची दशा पाहून त्यांना काय करावं सुचेना. ते आजीला म्हणाले, "माय, मी काय करू सांग."

"तिच्याजवळ बस."

"बसून काय बोलू?"

"मी काय बोलतो? काई नाई. बस."

बाबा बसले. तासन् तास बसत. कधी तिला पेज पाजत, कधी तिची वेणी घालायला जात आणि गुंता करून ठेवत. सुट्टी संपत आली तेव्हा त्यांनी ठरवलं की आता बायकोला इथे ठेवून जायचं नाही. साहेबाला विनवून त्यांनी सेमाडोहला एक रिकामी झोपडी मिळवली. आजीनेही बरोबर यायला एक गाठोडं बांधलं. आजोबा मागे राहिले, स्वतःच्या भाकरी स्वतः भाजू लागले, आणि पार्बताबाई त्यांना वरण पोचवू लागली.

सेमाडोहला सिपना नदीच्या वरच्या अंगाला आमची झोपडी होती. साग, बांबू आणि थंडी. शेजारी एक कोरकू बाई राहायची. तिच्या शेळीचं दूध मला मिळू लागलं. तिला मराठी येत नव्हती, आईला कोरकू येत नव्हती. ती सकाळी येऊन उन्हात बसे, टोपली विणत राही, आई शेजारी बसे. दोघींपैकी कोणालाच बोलायचं नव्हतं. आई मला पुढे म्हणाली, "लोक मले इचारत, तू बोलत काहून नाई व? त्या बाईले ठाऊकच नोतं का मी पयले बोलत होती म्हनून. तिच्याजवळ बसून मले बरं वाटे."

झोप हळूहळू येऊ लागली. मग भूक. एक दिवस जेवताना आई म्हणाली, "आत्याबाई, अंबाडीच्या भाजीत मीठ नाई."

भाजीत मीठ होतं की नव्हतं हे आजीला आठवत नसे. सून तक्रार करते आहे, याचाच तिला इतका आनंद झाला की ती उठून मिठाचं मडकंच घेऊन आली.

मला आंघोळ घालायची वेळ झाली की आजी मुद्दाम आईशेजारी बसे. पाय लांब करून मला नडग्यांवर घेई. मग म्हणे, "मले हात पुरत नाई. तू फक्त पानी टाक." आई तांब्याने पाणी टाकी. काही दिवसांनी, "जरा मान धर." आई मान धरी आणि लगेच सोडी. आजी त्यापुढे काही मागत नसे. काही दिवस आई पाणी टाकायलाही येत नसे. अंगावर गोधडी ओढून पडून राही. त्या दिवशी आजी एकटीच आंघोळ घाली, तिला हाक मारत नसे.

माघात आजीला हिवताप आला. मेळघाटात नवख्या माणसाला तो सोडत नाही. ती गोधडीत कुडकुडत पडली. बाबा जंगलात गस्तीवर गेले होते. मी ओल्या फडक्यात पडून रडत होते. शेजारीण रोज सरपण वेचायला जाई तशी त्या दिवशीही रानात कुठे तरी गेली होती. आई दारात बसून होती. आजी पडल्या पडल्या पाहत होती. तिच्या मनात आलं, उठावं. तिने प्रयत्नही केला, पण अंगात उभं राहण्याचं बळ नव्हतं.

आई उठली. चुलीवरचं पाणी उतरवलं, हाताने पाहिलं, त्यात गार पाणी घातलं. मग जमिनीवर बसून पाय लांब केले आणि मला उचलून नडग्यांवर घेतलं. तांब्यातलं अर्धं पाणी बाहेर सांडलं. आजी म्हणाली, "हळू."

"हळूच करून राहिली," आई म्हणाली.

आंघोळ झाली, तेल लागलं, काजळ लागलं. मला झोप लागली तरी आईने मला खाली ठेवलं नाही. पाय आखडले तरी ती तशीच बसून राहिली. बाबा संध्याकाळी आले तेव्हा आजी तापात होती, चूल विझलेली होती, आणि आई मला पायांवर घेऊन बसलेली होती. बाबांनी बंदूक कोपऱ्यात ठेवली आणि भाकरी थापायला घेतल्या.

त्यानंतर सगळं एकदम चांगलं झालं असं नाही. आईचे वाईट दिवस येत राहिले, कधी पूर्ण आठवडा. पण त्यांच्यामधलं अंतर वाढत गेलं. आजीचा ताप उतरल्यावर एकदा आई तिला म्हणाली, "आत्याबाई, हिचं नाव ठेवाले पाह्यजे."

"ठेव ना मंग."

"क्षेमा." अमरावतीला एका भिक्खूंच्या प्रवचनात तिने हे नाव ऐकलं होतं. एका राणीचं, जी पुढे भिक्खुणी झाली. "म्हंजे सुखरूप असनं."

आजीने ते दोनतीनदा म्हणून पाहिलं. जिभेला जमेना. "शेमा," ती म्हणाली. आणि मरेपर्यंत मी तिच्यासाठी शेमाबाईच होते.

पासष्ट साली माझा भाऊ झाला. तो पोटात असताना आईला पुन्हा तसंच होईल अशी भीती वाटू लागली. ती बाबांना म्हणाली, "मले आधीच अकोल्याले घेऊन चाल." डॉक्टरीण बदलून गेली होती. तिच्या जागच्या डॉक्टरांनीही ऐकून घेतलं आणि सांगितलं की झोपेकडे लक्ष ठेवा. या खेपेला आजी आधीपासून येऊन राहिली, पार्बताबाई लाडू घेऊन आली. आई थोडे दिवस उदास राहिली, रडली, पण रडताना भावाला पाजत होती. कणगीतला टाक पार्बताबाईने नंतर काढला की नाही, ते कोणी विचारलं नाही.

पुढच्याच वर्षी बाबांची बदली अमरावतीला झाली. आई आपल्या गावी परत आली. तिला आता मोहल्ल्यात बाळंतिणींकडे जायची सवय लागली. हातात काही तरी वाटीभर घेऊन जायची. सगळ्या बायका बाळाभोवती जमत, ही बाळंतिणीच्या बाजेवर बसे आणि विचारी, "तुले झोप लागते काय व?" बहुतेक जणी हसून लागते म्हणत. एखादी म्हणत नसे.

आमच्या घराजवळच्या रस्त्यावर वामनराव नावाचे कारकून राहत. दर्यापूरकडचे, शेतीवाडीचे. त्यांची बायको कौशल्या पहिल्या बाळंतपणानंतर अंथरुणावरून उठेना. त्यांच्या आईला आमची जात ठाऊक होती. आईला पहिल्या दिवशी तिने ओट्यावरच उभं केलं. आई ओट्यावर बसली. दुसऱ्या दिवशीही ओट्यावर बसली आणि खिडकीतून कौशल्याशी बोलत राहिली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आतून कौशल्याच म्हणाली, "मामी, त्याईले आत येऊ द्या, नाई तं मी बाहेर जातो." म्हातारीने दार उघडलं. आई किती तरी दिवस तिथे जात होती. कौशल्या बरी झाली. चहा मात्र आईला त्या घरात तुटक्या कानाच्या कपातच मिळाला, आणि आई तो प्यायली नाही. कौशल्याला ते दिसलं. ती आमच्या घरी आली तेव्हा आईच्या हातचा चहा मागून प्यायली.

एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात आम्ही हिवरखेडला एका लग्नाला गेलो. मला आठवं वर्ष लागलं होतं. मांडवात एक लांबची बाई दुसरीला म्हणाली, "हेच ते पोट्टी, हिची माय हिले विहिरीत टाकत होती." मी ऐकलं. परतताना अकोटला मोटारीची वाट पाहत आम्ही लिंबाच्या सावलीत बसलो होतो. मी आईला विचारलं, "तू मले विहिरीत टाकत होती काय?"

आई दचकली असेल. पण तिने नाही म्हटलं नाही, रागावलीही नाही. भावाला बाबांकडे दिलं आणि मला जवळ घेतलं. मग तिने सगळं सांगितलं, सात-आठ वर्षांच्या मुलीला समजेल असं. मन आजारी कसं पडलं, काय मनात यायचं, तिने ते आजीला कसं सांगितलं, भगत, अकोल्याची डॉक्टरीण, सेमाडोह. मी ऐकत होते. शेवटी मला एकच गोष्ट विचारावीशी वाटली.

"मंग मले कोन घेत होतं?"

"तुही आजी. तुहे बाबा आले तवा बाबा. पार्बता आजी बी घे."

"अन् तू?"

"मी जवळच बसत होती," आई म्हणाली. "घ्याची हिंमत नोती. पायत होती."

म्हणजे कोणी ना कोणी मला घेतच होतं. माझं समाधान झालं. थांब्यावर बर्फगोळ्याची गाडी उभी होती. मी म्हटलं, "लाल गोला घेऊन दे."

आईने पदराची पैशांची गाठ सोडली. "येवढंच?"

"येवढंच."

तिने गोळा घेऊन दिला. मोटार येईपर्यंत रंगाचे ओघळ माझ्या कोपरापर्यंत गेले होते, आणि आई पदराने ते पुसत म्हणत होती, फ्रॉक नवा आहे, जरा पुढे वाकून खा.